केसाळ हत्तीची ओटी

अण्णांनी देवघराखालचा खण पुन्हा बाहेर ओढला, जमिनीवर पालथा केला आणि एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायला लागले. कापसाची वस्त्रं, उदबत्तीचे पुडे, झिजलेली सहाण, दांडा तुटलेली घंटा. शेवटी त्यांच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची गोल डबी राहिली. ती रिकामी होती.

"अगं, यातलं नाणं कुठंय?"

आई परातीत कणीक मळत होती. "मालनच्या ओटीत घातलं," मान वर न करता ती म्हणाली. "चांगलं आणलंत हो. मला वाटलं होतं, सराफाकडं जायचं तुम्ही विसरणार."

"मी विसरलोच होतो," अण्णा म्हणाले.

आईचे हात थांबले.

"मग ते?"

अण्णा उभे होते ते खाली बसले. रविवार होता, ऊन नुकतं कुठं वर आलं होतं. मी पाचवीत होते आणि दारात बसून वेणीची रिबन सोडवत होते. अण्णा रिकाम्या डबीचं झाकण लावत होते आणि पुन्हा काढत होते.

"ते कोर्टातलं आहे," ते म्हणाले. "मुद्देमाल."

हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरात होता. अण्णा तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. चोरीच्या खटल्यात पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तू, भांडी, सायकली, दागिने, खटला संपेपर्यंत त्यांच्या ताब्यात असत. त्या आठवड्यात एका डॉक्टरांच्या घरफोडीचा खटला चालू होता. डॉक्टरांना परदेशी नाणी जमवायचा नाद होता. शनिवारी कोर्टात पाकिटाचं सील फोडून डॉक्टरांना एकेक नाणं ओळखायला दिलं होतं. उलटतपासणी अर्धवट राहिली आणि न्यायाधीशांनी सोमवारची तारीख दिली. सगळी नाणी कपाटात गेली. एक सोडून.

ते एक अण्णांनी रुमालात गुंडाळून घरी आणलं होतं. माझ्यासाठी. मी वाचनालयातून नामशेष प्राण्यांचं एक पुस्तक आणलं होतं आणि महिनाभर ते परत करत नव्हते, एवढंच कारण. शनिवारी संध्याकाळी त्यांनी साबणानं हात धुतले, नाणं दोन बोटांनी कडेला धरलं आणि खिडकीपाशी नेलं. पांढऱ्याशुभ्र चांदीवर एक मॅमथ चालला होता. वर वळून पुन्हा आत आलेले सुळे, पाठीवर उंचवटा, इवलेसे कान आणि पोटाखाली जमिनीपर्यंत लोंबणारे केस. एकेक केस वेगळा कोरलेला.

"हत्तीचा आजोबा का हो हा?" मी विचारलं होतं.

"चुलत आजोबा. सख्खा नव्हे," अण्णा म्हणाले होते. "चित्रात रोज बघतेस. म्हटलं, एकदा चांदीत बघ."

मग त्यांनी ती डबी घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. देवघराच्या खणाला आईशिवाय कुणी हात लावत नसे.

त्याच संध्याकाळी मालनमावशी, आईची धाकटी बहीण, डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून कुसुरवाडीहून आली होती आणि रात्री आमच्याकडं राहिली होती. तिला दिवस गेले होते. याआधी दोन वेळा गेले होते आणि दोन्ही वेळा सगळं वाया गेलं होतं. मावशीला आई नव्हती, म्हणून तिची चोरओटी थोरल्या बहिणीनं भरायची होती. सुरुवातीच्या महिन्यांत, कुणाला न बोलावता, गाजावाजा न करता भरतात ती ही ओटी. आईनं सगळं जमवलं होतं: तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. ओटीत घालायला चांदीचं नाणं तेवढं अण्णांना आणायला सांगितलं होतं. पहाटे पहिल्या गाडीआधी तिनं देवघराचा खण उघडला, तर समोर नाणं.

"हत्ती बघितला," आई म्हणाली. "मला वाटलं गजलक्ष्मी."

"आणि लक्ष्मी कुठं गेली?"

"म्हटलं मागच्या बाजूला असेल. मागं पक्षी होता. म्हटलं गरुड असेल." तिनं पीठ लागलेले हात मांडीवर ठेवले. "मी तुम्हाला मनात किती दुवा दिला. म्हटलं, सांगितलं साधं नाणं, यांनी हत्तीचं शोधून आणलं."

अण्णांनी रिकामी डबी खाली ठेवली.

"उद्या नाही दिसलं तर काय होतं?" आईनं विचारलं.

"उद्या अकराला ते टेबलावर लागणार. नाही दिसलं, तर ते मी घेतलं."

"तुम्ही घेतलंतच ना?"

"घेतलं."

कोर्ट माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. तिथल्या व्हरांड्यात दोरीनं बांधून आणलेली माणसं मी नेहमी बघायचे. दोरीचं एक टोक त्यांच्या मनगटांना, दुसरं हवालदाराच्या काखेत, आणि हवालदार निवांत तंबाखू मळत उभा. ती माणसं कधी ओरडत नसत. गुडघ्यात मान घालून बसलेली असत. त्या रांगेत पांढरा सदरा, चष्मा आणि खिशाला पेन लावलेलं एक माणूस मला आता दिसायला लागलं. मी डोळे मिटले तरी ते दिसायचं थांबेना.

"मी जातो कुसुरवाडीला," अण्णा उठले. "चूक झाली म्हणून सांगतो आणि घेऊन येतो."

"कुणाला सांगता?" आई म्हणाली. "ओटीतलं परत मागायचं? तेही मालनकडं? अहो, साध्या सवाष्णीची ओटी कुणी परत मागत नाही. ही तर…" तिनं वाक्य तोडलं. "आणि तुम्ही पुरुषमाणूस त्या ओटीचं नाव तरी काढाल का तिच्या सासरी? तिच्या मनात एवढं जरी आलं ना, की ओटी भरली आणि काढून नेली, तर ती धसक्यानंच…"

"मग मी काय करू?"

"बसा इथं," आई म्हणाली. "उजे, फ्रॉक बदल."

गाडीत आई माझा हात धरून बसली होती. तिचा तळवा गार होता, आणि बाहेर ऊन तापत होतं. मधेच तिचे ओठ हलत. मला वाटलं जप करतेय. जरा वेळानं कळलं, ती वाक्यं बसवत होती. एक म्हणे, मान हलवे, दुसरं म्हणे. माझ्या आईला खोटं बोलता येत नसे. शाळा बुडाली की बाकीच्या मुलींच्या चिठ्ठीत ताप असे. माझ्या चिठ्ठीत आई लिहून देई, 'काल आमच्याकडं पाहुणे होते आणि उज्ज्वलाला शाळेत यायचं नव्हतं.' त्या चिठ्ठीपायी मी किती वेळा बाकावर उभी राहिले होते. आणि आता ती खोटं पाठ करत होती. त्यावरून मला कळलं की गोष्ट किती वाईट आहे.

मावशीची सासू, सगुणाबाई, अंगणात सावलीला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. उंच, हाडापेराची बाई. मावशीच्या लग्नात मानपानावरून तिनं आमच्याकडच्या सगळ्यांना जे बोलून घेतलं होतं, ते अजून आमच्याकडं कुणी विसरलेलं नव्हतं.

"आं? सकाळी भनीला लावून दिली आन मागनं सोता आली?" ती म्हणाली. "चपला इसरली व्हय ती तुझ्याकडं?"

"नाही विहीणबाई. जरा काम होतं."

"कामाबिगर कोण येतंय उन्हाचं. बस. ही पोरगी का गं अशी वाळलीया? खाती का नुसती पुस्तकं चघळती?" मग तिनं आवाज खाली आणला. "हळू बोल पर. मालन झोपलीया. आल्या आल्या आडवी झाली, मुठीत त्यो तुझा हत्ती धरून. दिस गेल्यापास्नं पहिल्यांदा डोळा लागलाय तिचा."

आईनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

माजघराच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. तो वाऱ्यानं आत जाई, बाहेर येई. मी त्याच्याकडं बघत राहिले.

"त्या नाण्यासाठीच आले मी," आई म्हणाली. "आमच्या माहेरी एक रीत आहे. चोरओटीतलं नाणं त्याच दिवशी परत न्यायचं असतं. देवीच्या पायाशी ठेवतात. सकाळी गाडीच्या घाईत राहून गेलं."

सगुणाबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला.

"तुझं म्हायेर त्येच मालनचं म्हायेर. ती कधी बोलली न्हाई असल्या रितीचं."

"आई गेली तेव्हा ती लहान होती. तिला कोण सांगणार?"

"हं." आणखी एक शेंग. "पोरी, हिकडं ये. तुझी आई सांगती ती रीत खरी का गं?"

मी आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. मी मान हलवली.

"मान नगं हलवू. तोंडानं सांग."

"खरी," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, नुसती हवा बाहेर आली.

सगुणाबाईंनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. "खा," ती म्हणाली, आणि मग आईला, "लेकराला खोटं बोलाय लावू नगंस. तिला येत न्हाई. तुलाबी येत न्हाई."

तिनं पुढची शेंग उचलली.

"सकाळीच बघितला म्या त्यो हत्ती. अंगभर केस. थंडीत आमच्या रेडकाला येत्यात तसं. असला हत्ती कुठल्या देवळात आसतोय? म्हटलं, शहरातली नवी फॅशन आसंल. कुणाचं हाय ते नाणं?"

"सरकारचं," आई म्हणाली. आणि पाठ केलेलं सगळं टाकून देऊन तिनं जे होतं ते सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. कोर्ट, डॉक्टर, घरफोडी, देवघराचा खण, उद्याचे अकरा.

सगुणाबाईंचे हात सुपावर थांबले होते.

"म्हंजी चोरीचं," ती म्हणाली. "माझ्या सुनंच्या वटीत तू चोरीचं घातलंस."

"मला माहीत नव्हतं."

"तुला नव्हतं. तुझ्या नवऱ्याला हुतं."

"विहीणबाई, पाया पडते. उद्या ते नाही मिळालं तर त्यांना बेड्या घालून नेतील."

"आन हिला मी काय सांगू?" तिचा आवाज चढला नाही, खाली गेला, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली. "दोनदा रिकामी झालीया ती. दोन्ही येळा म्या उचलून न्हेलीया तिला गाडीत, माझ्या ह्या हातांनी. आता वटी भरली आन सांजच्याला काढून न्हेली, ह्ये मनात घेऊन ती किती दिस तगंल? न्हाई. माझ्या घरातनं वटी भाईर जायाची न्हाई. तुझ्या नवऱ्याचं तू बघ."

आई तिच्या पायांकडं वाकली, तसे सगुणाबाईंनी पाय मागं घेतले. माझ्या ओंजळीतल्या शेंगा केव्हा खाली पडल्या मला कळलं नाही. दोरीचं एक टोक, दुसरं टोक.

"ताई?"

पडदा बाजूला धरून मालनमावशी उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. एक हात पोटावर, दुसऱ्याची मूठ मिटलेली.

"तू कशी आलीस परत? काय झालं? भाऊजी बरे आहेत ना?"

आईनं तोंड उघडलं. तिचे ओठ गाडीत हलत होते तसेच हलले, पण त्यांतून काही आलं नाही. मला खात्री होती, आता ती खरं सांगणार. दुसरं काही तिला जमणारच नव्हतं. मावशीच्या पोटावरच्या हाताकडं मी बघत होते आणि वाट बघत होते, काहीतरी भयंकर होण्याची.

"काय व्हतंय?" सगुणाबाई म्हणाली. "तुझी थोरली भन रीत इसरली आन आता पळत आली. वटीतलं नाणं त्याच दिशी परत न्यायचं आसतंय, देवीच्या पायाशी."

"कसली रीत?"

"तुमच्याच म्हायेरची, आन मलाच इचार. आमच्यातबी हाय की. माझ्या येळेला माझ्या आईनं न्हेलतं." तिनं सूप बाजूला सरकवलं आणि पदरावरची टरफलं झटकत ती उठली. "कुवारणीच्या हातनं न्यायचं आसतंय, म्हणून तर ह्या पोरीला आणलीया उन्हातान्हाची. आन नाण्याच्या जागी पदरात मूठभर तांदूळ. आन न्हेणारीनं माघारी वळून बघायचं न्हाई. लय जुनं हाय ह्ये."

आई तिच्याकडं अशी बघत होती, जणू ही रीत तिला आजच कळत होती.

"आजचा दिवस राहू द्या की, आत्याबाई," मावशी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "हे हातात धरलं की बरं वाटतंय. उद्या नेऊ दे."

"उद्या न्हेऊन काय उपेग? रीत ती रीत. बस पाटावर."

मावशी बसली नाही. तिनं आईकडं बघितलं. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. आईची मान वर होत नव्हती. मग मावशी हळूच पाटावर टेकली आणि तिनं पदर पसरला.

सगुणाबाईंनी माझ्या मुठीत तांदूळ दिले. मी ते पदरात सोडले. अर्धे दाणे पाटावर सांडले, आणि मी घाबरून सगुणाबाईंकडं बघितलं. "चालतंय. सांडायचंच आसतंय," ती म्हणाली.

मावशीनं मूठ पुढं केली. ती लगेच उघडली नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मग करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. तळव्यावर नाण्याचा गोल वळ उमटला होता. मॅमथच्या केसांत कुंकू भरलं होतं, सुळ्यांवर हळद होती. नाणं उचललं तेव्हा ते तापल्यासारखं गरम होतं आणि घामानं ओलं.

"नीट ने, उजे," मावशी म्हणाली. "पाडू नको."

सगुणाबाई आम्हाला अंगणाच्या कडेपर्यंत घालवायला आल्या. तिथं त्यांनी आईचा दंड धरला.

"जर का काय वंगाळ झालं ना यमुना," त्या आईच्या कानाशी म्हणाल्या, "तर मी तुझ्या दारात येऊन हुभी ऱ्हाईन. ध्यानात ठेव."

गाडीच्या थांब्यापर्यंत बरंच चालायचं होतं. मला मागं वळून मावशी दारात आहे का, ते बघायचं होतं. ती रीत आत्ताच, आमच्या डोळ्यांदेखत, एका बाईनं टरफलं झटकता झटकता तयार केली होती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरीही मी वळले नाही. आईही वळली नाही.

संध्याकाळी अण्णांनी नाणं दिव्याखाली धरलं. चांदी घासायची नसते, घासली की तिच्यावरचं तेज कायमचं जातं, हे त्यांना डॉक्टरांच्याच जबानीतून कळलेलं होतं. आईनं कापसाची वात ओली करून टिपून टिपून हळद काढली. कुंकू केसांतून निघेना. अण्णा म्हणाले, राहू दे. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

सोमवारी शाळेत मला एकही अक्षर ऐकू आलं नाही. घरी येताना मी कोर्टाच्या व्हरांड्याकडं बघितलं नाही, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं पळत आले. अण्णा घरी आले ते नेहमीपेक्षा उशिरा. चपला काढून तिथंच पायरीवर बसले.

"आरोपीच्या वकिलानं नाणं उलटसुलट केलं," त्यांनी आईला सांगितलं. "म्हणाला, हे लाल काय आहे? मी खाली बघत होतो. माझ्या कानात नुसता आवाज होत होता. डॉक्टर म्हणाले, कुंकू असेल. आमच्या आई सगळी चांदी लक्ष्मीपूजनाला मांडतात, त्यांना कुठलं काय कळतंय. न्यायाधीशसुद्धा हसले."

"मग?"

"मग काही नाही. सील लागलं."

आई आत गेली आणि देवघरासमोर बसली. अण्णांनी पुढच्या महिन्यात साहेबांना सांगून मुद्देमाल सोडला आणि कागदांच्या नकला देण्याचं टेबल मागून घेतलं. त्यानंतर कोर्टातली टाचणीसुद्धा त्यांनी घरी आणली नाही. मॅमथचं पुस्तक मी परत करून टाकलं.

पण आईची भीती संपली नव्हती. तिची तर तेव्हा सुरू झाली. कुसुरवाडीकडून कुणी आलं की ती आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघे, मग पाणी देई. दारावर थाप पडली की हातातलं काम तसंच ठेवून उभी राही, दार उघडायला मात्र मला पाठवी. मावशीला भेटायला ती एकदाही गेली नाही. दुरून निरोप घेत राहिली. तिला स्वतःच्याच पायगुणाची धास्ती वाटत होती.

आणि एके सकाळी मी दार उघडलं तर समोर सगुणाबाई. एकट्या, घामाघूम, एक शब्द न बोलता.

माझ्यामागून आई आली. तिनं त्यांना बघितलं आणि भिंतीला धरून ती हळूहळू खाली बसली. रडली नाही. नुसती बघत राहिली.

"ऊठ," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरगी झालीया. नाकीडोळी तुझ्यावर गेलीया, काय करायचं आता."

मी पाणी आणलं.

"दुसऱ्या कुणाला लावून दिलं आसतं," सगुणाबाई माझ्या हातून तांब्या घेत म्हणाल्या. "पर म्हटलं, दारात येऊन हुभी ऱ्हाते म्हणाले हुते, तर जावं. लय भ्याली का गं?"

त्यानंतर आमच्या नात्यात जिची जिची चोरओटी भरली, तिच्या नाण्याचं तसंच झालं. मावशीनंच ते चालू ठेवलं. कुवारणीच्या हातून, पदरात तांदूळ, मागं बघायचं नाही. माझ्या वेळी आईनं ते केलं तेव्हा तिनं माझ्या नजरेला नजर दिली नाही. आम्ही दोघींनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. सगुणाबाई गेल्या, मग अण्णा गेले.

या वैशाखात आई गेली. महिना-दीड महिन्यानं मालनमावशी आली आणि आम्ही आईच्या साड्या वाटायला बसलो. मावशीचे केस आता पांढरे झालेत, गुडघे धरलेत. एकेक साडी ती उलगडे, वास घेई, पुन्हा घडी घाली. वाटणी काही होत नव्हती.

"रविवारी रेणूची चोरओटी भरायची आहे," ती म्हणाली. रेणू म्हणजे तीच, तेव्हा पोटात असलेली. "ताई असती तर तीच कुवारणीला घेऊन आली असती. आता तू ये. तुझ्या धाकटीला आण बरोबर."

आई गेल्यापासून मला एक विचित्र थकवा आला होता. त्या दिवसाबद्दल जाणणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही, हे ओझं एकटीनं उचलणं मला नको झालं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "ती रीत खरी नाही."

मावशीनं साडीचे काठ जुळवले.

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मधे काय भिंत होती? पडदा होता. आत्याबाई 'चोरीचं' म्हणाल्या तेव्हाच मला जाग आली. पुढचं सगळं ऐकलं मी."

खिडकीबाहेर कुणीतरी मुलाला हाक मारत होतं. मला आठवली ती पाटावरची मूठ, एकेक सुटत गेलेलं बोट.

"मग दिलंस कसं?"

"काय करू? भाऊजींना दोरी लागू देऊ?"

"आईला का नाही सांगितलंस? एवढ्या वर्षांत?"

"काय सांगायचं? की खरं काय ते मला ऐकू आलं होतं? ताई पुन्हा कधी माझ्याकडं सरळ बघू शकली असती का?" तिनं घडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. "शेवटी दवाखान्यात गेले होते, तेव्हा सांगणार होते. नळ्या बघितल्या आणि राहून गेलं."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली नाही कशी? रोज सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी हात खाली न्यायची. ओलं लागतंय का बघायला. हात कोरडा आला की मग डोळे उघडायची." तिनं साडीवरची सुरकुती सपाट केली. "कुणाला सांगणार होते? तिकडं ताई भिऊन बसलेली, इकडं आत्याबाई. मी भ्यालेय हे त्यांना कळलं असतं तर त्या दोघी तिथंच मेल्या असत्या."

मी पुढची साडी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

"आत्याबाईंनी अंगणात ते सगळं रचून सांगितलं ना," मावशी म्हणाली, "कुवारीण काय, तांदूळ काय. मी पदर पसरून बसले होते आणि मनात म्हणत होते, देवी, ही रीत खोटी आहे. पण तू आजपासून खरी धर. एवढ्या वेळी धर. पुढचं मी बघते."

"म्हणून पाळतेस?"

"मग? देवीनं तिचं केलं. मला मोडता येते होय? तेही रेणूच्या वेळी?"

मला दिसलं, तिच्या मांडीवरचा हात मिटला होता. रेणूचंही मागच्या वर्षी एकदा वाया गेलं होतं.

"आणतेस ना धाकटीला?" मावशीनं विचारलं.

"आणते," मी म्हणाले.

"मागं बघू नको म्हणावं."